बिजल्याचे कान

रविवार, १२ एप्रिल २०१५
दुपारी साडेतीन, विचुंबे

प्रिय दादूस,

आत्ता विठूकाकांच्या गोठ्याबाहेर जांभळाखाली बसून लिहितो आहे. बसायच्या आधी रॉकेलनं हात धुतले, काडीनं नखांतली काजळी काढली, तरी कागदाच्या कडेला एक बोट उमटलंच. ती काजळी तुझ्याच गाडीची आहे, म्हणून कागद बदलला नाही. तुझा पत्ता प्रणितनं दिला. शिमग्याला तो गावी आला होता. तुम्ही दोघं मुंद्र्याला एकाच मालकाचे ट्रेलर चालवता आणि तुझी तब्येत बरी आहे, एवढं त्यानं सांगितलं. मी तुला फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तू उचललास, "बोल" म्हणालास, आणि मला बोलता आलं नाही. मला सगळं क्रमानं सांगावं लागतं हे तुला माहीत आहे. फोनवर क्रम राहत नाही.

घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण पायरीवर बसून तांदूळ निवडणं तिनं सोडलेलं नाही. मी अजून नवीन पनवेलच्या त्याच पार्टच्या दुकानात आहे. शेठ आता बिलं मलाच करायला देतात. म्हणतात, "दहावी नापास, पण तुझ्या बिलात काना-मात्रा चुकत नाही." आपल्या समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा गव्हाणचा, बंदरात क्रेन चालवतो, शांत आहे. हळद नऊ मेला, लग्न दहाला. आणि तुझी गाडी मी दुरुस्त केली. हे पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

तू गेलास तेव्हा गाडी आपल्या अंगणात होती. त्याच संध्याकाळी बाबांनी आळीतल्या पोरांना बोलावून ती ढकलत विठूकाकांच्या वाड्याकडेला नेऊन लावली. ज्या गाडीनं बैल लंगडा केला तिला त्याच बैलाच्या मालकानं सावली दिली, यावर गावात महिनाभर हसले. विठूकाका म्हणाले, "गाडीला काय कलतंय? ती बी मुकंच जनावर." वर त्यांनी ताडपत्री घातली. चार वर्षांत ताडपत्री फाटली, मागची काच कुणीतरी फोडली आणि त्यातून आत जाऊन एक कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायला लागली. मी फेब्रुवारीत पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा ती खुडूक होती. तिची पिल्लं बाहेर पडेपर्यंत मी कामाला हात लावला नाही.

हात लावायच्या आधी मला एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती. त्या दिवशी बाबा नेमकं काय बोलले? कारण गावात सगळे म्हणतात, काशिरामनं थोरल्या कुंदनला घराबाहेर काढलं. तूही तेच धरून बसला आहेस असं प्रणित म्हणाला. मी तेव्हा तिथंच होतो, पण माझ्या आठवणीवर माझा भरवसा नसतो. विठूकाका बिजल्याला बांधावरून घरी आणत होते. तू वळणाच्या अलीकडे उतारावर चावी बंद करून पुन्हा चालू केलीस, तुझी ती नेहमीची गंमत. मागून बंदुकीसारखा फटाका वाजला. बिजल्या उधळून नाल्यात गेला आणि त्याचा मागचा पाय मोडला. वळणापलीकडे बैल आहे हे तुला दिसत नव्हतं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण माणसं जमल्यावर तू म्हणालास, "बैल घाबरट हाय, त्यान गाडीची काय चूक?" शर्यतीत तीन वर्षं पहिला आलेला बैल जमिनीवर पडून घोरत होता आणि विठूकाका त्याच्या डोक्याखाली स्वतःचा टॉवेल घालत होते. त्या वेळी बाबांनी आण घेतली. मी विठूकाकांना विचारलं, शब्द सांगा, जसेच्या तसे. त्यांनी सांगितले: "यो आवाज परत माझे दारान आयला, त एकवीरा आयची आन, मी या घराचा पानी पिनार नाय." मी विचारलं, पोराचं काही बोलले? काका म्हणाले, "नाय. काशिराम आवाज बोल्ला. पोर नाय बोल्ला. मी बैलाजवल बसलो व्हतो, बहिरा नव्हतो." आणखी दोघांना विचारलं. तेही तेच म्हणाले.

म्हणजे आण आवाजाची आहे, तुझी नाही. तू किल्ली खुंटीला लावून पायी निघालास आणि बाबांनी हाक मारली नाही, हे खरं. पण आण घेतलेला माणूस आपण होऊन शब्द मागे घेऊ शकत नाही. बाबा तर नाहीच घेणार. वर्षातून दोनदा कार्ल्याला जाऊन एकवीरा आईसमोर उभे राहतात, तिथं काय सांगतील? मग एकच रस्ता उरला. आवाजच राहू द्यायचा नाही.

दीनानाथचं गॅरेज पळस्प्याला पेट्रोल पंपाच्या मागे आहे. गाडी टेम्पोला बांधून तिथं नेली. त्यानं खाली आडवं होऊन बघितलं आणि हसत बाहेर आला. तू धूर साफ करणारी पुढची कॅट कापून काढली होतीस आणि तिथं साधी नळी वेल्ड केली होतीस. सायलेन्सरचा मधला डबा नव्हताच. मागे वरणाच्या वाटीएवढ्या तोंडाचं ते चकचकीत नळकांडं. म्हणजे इंजिनातून निघालेला धूर आणि आवाज यांना बाहेर येईपर्यंत कुणी अडवणाराच नव्हता. दीनानाथ म्हणाला, "सोपा हाय. पुढची नली ऱ्हाऊ दे, मागं कंपनीचा मोठा डबा लावू. आवाज बसला का झाला. बैलाला काय धुरातला कार्बन कलतोय?" मी म्हटलं, कॅटसुद्धा बसवायची. तो म्हणाला, "हऱ्या, चार वर्षां मेलेली गाडी, नि तू तिचा दम मोजतोस." पण मी विचार करून ठेवला होता. लग्नाच्या दिवशी याच पळस्पे फाट्यावर गाड्या अडवून कागद बघतात. पीयूसी नसलेली गाडी बाजूला घेतली, आणि आत समीक्षा असली, तर पुन्हा तुझंच नाव निघेल. शिवाय आमच्या शेठनी मला एकदा समजावलं होतं: गाडीत कंपनीनं जे दिलं ते काढून नळी टाकणं हा मुळातच गुन्हा आहे, आवाज असो वा नसो. अर्धं काम करून आण सुटली असं मी एकवीरेसमोर म्हणू शकलो नसतो. मला झोप लागली नसती, एवढं खरं.

पार्ट घ्यायला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी कुर्ल्याला गेलो. तिथं पहिल्यांदा एकानं जुनी, दुसऱ्या गाडीतून काढलेली ओरिजिनल कॅट दाखवली. वरून एकदम चांगली, कंपनीचा शिक्का जागेवर. मी खिशातली बॅटरी एका तोंडातून लावली तर उजेड पलीकडे स्वच्छ भिंतीवर पडला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर महागडा धातू असतो. तो काढून घेऊन रिकामं खोकं विकतात. दुसरी नवी होती, निम्म्या किमतीत, पण तिच्यावर ना नाव, ना नंबर. दुकानदार म्हणाला, नाव तुम्ही घाला. तिसरीवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला होता, आपल्या इंजिनाच्या मापाची होती, आणि मान्यतेच्या कागदाची प्रत होती. ती प्रत मी तीनदा वाचली, नंबर ताडून बघितला, मग जाळीतून बॅटरी लावली, मग वजन हातात घेतलं. तो वैतागून म्हणाला, "भाई, शादी करनी है क्या इससे?" मी म्हटलं, शादी है, लेकिन बहन की. तो हसला आणि दोनशे कमी केले.

मागच्या डब्याचं मात्र मला थांबून ठरवावं लागलं. एका पोरानं फार सुंदर डबा दाखवला, तुला आवडला असता. त्याच्या तोंडात एक जाळीची नळी एका नटानं बसवलेली. ती असली की गाडी गप्प, काढली की गरजते. पोरगा म्हणाला, "पोलिसांसमोर गाय, हायवेला वाघ. एका नटाचं काम आहे दादा." किंमतही बरी होती. तो डबा हातात घेऊन मी थोडा वेळ उभा राहिलो. मग परत ठेवला. दादूस, तो नट तू काढशील हे मला माहीत होतं. लगेच नाही, लग्न झाल्यावर काढशील, आणि एकदाच, कुणाला तरी दाखवायला. म्हणून मी कंपनीसारखाच साधा, काळा, पत्रा जाड असलेला डबा घेतला. दिसायला तो रॉकेलच्या कॅनसारखा आहे. यावर तू मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन.

बाकी सामान दुकानातूनच घेतलं. मधला डबा, धूर मोजणारा सेन्सर, गॅस्केटं, प्लग, एअर फिल्टर. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. विमा आधी भरला. दोन रविवार दीनानाथ खाली आणि मी वर पाने द्यायला. तिसऱ्या रविवारी गाडी सुरू झाली, आणि गाडी सुरू झाली आहे का हे बघायला दीनानाथनं बोनेटवर हात ठेवला. मग मी दोन पोरं घेऊन ती ढकलतच पुढे पंपावर पीयूसीला नेली, कारण कागद नसताना रस्त्यावर चालवायला माझं मन घेत नव्हतं. तिथं चारुदत्त बसतो, तुझ्या वर्गातला. त्यानं नळी घातली आणि मशीनवर आकडा आला एक पूर्णांक नऊ. पाहिजे अर्ध्याच्या आत. एवढं सगळं मोजून-मापून आणलं आणि तरी फसलो, असंच वाटलं. चारुदत्त म्हणाला, "टेन्शन काय घेतोस? बाजूला ती टॅक्सी उभी आहे ना, नळी तिच्यात घालतो, सर्टिफिकेट तुझं. दोन मिनिटं. कुंदनची गाडी आहे, पैसेपण घेत नाही." तो प्रेमानं म्हणत होता. मी नको म्हटलं. का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, हा कागद एकवीरेला दाखवायचा आहे. त्यावर त्यानं नळी काढून गुंडाळून ठेवली.

दीनानाथनं मागून येऊन आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "ढकलत आनलीस ना? मंग? कॅट तापल्याबिगर काम नाय करत. तवा गार असतानाच भाकर टाकलीस, वर म्हनतोस पीठ वाईट." हे मी दुकानात गिऱ्हाइकांना स्वतः सांगतो, दादूस. कागद नसताना चालवायची नाही या भीतीनं मी ढकलत आणली आणि त्याच भीतीनं नापास झालो. मग काय, जीव मुठीत धरून गोव्याच्या रस्त्यानं वीस मिनिटं चालवली. एक पोलीस दिसला, तो वडापाव खात होता. परत येऊन लगेच नळी घातली. शून्य पूर्णांक तीन. चारुदत्तनं कागद छापला आणि त्याच्यावर फुंकर मारून माझ्या हातात दिला. म्हणाला, "घे, एकवीरेला नमस्कार सांग."

पण कागद सरकारचा. विठूकाका म्हणाले, सरकारचा पास झाला, आता माझ्या बैलाचा पास होऊ दे. आज सकाळी तेच झालं. आपल्या दारात गाडी आणून बघणं शक्य नव्हतं, चुकून आवाज झालाच असता तर आण मोडली असती. म्हणून काकांच्याच अंगणात, आणि तिथंही गाडी वेशीपासून ढकलतच आणली होती. काकांनी बिजल्याला बाहेर आणून याच जांभळाला बांधलं, गाडीपासून चार हातांवर. तू गेल्यापासून मोटारसायकल जवळून गेली तरी तो कान ताठ करून दावं ओढतो. शर्यती आता बंदच झाल्या. काका म्हणतात, "बरा झाला, आता माजा बिजल्या नि बाकीचे बैल सारकेच." पण त्यांनी त्याला विकला नाही. गोळा झालेली माणसं जरा लांब उभी राहिली. आई आपल्या पायरीवर होती. बाबा रस्त्यापलीकडे आपल्या ओटीवर, आमच्याकडे पाठ करून, कोयतीची मूठ बसवत होते. ती मूठ सैल नव्हती, मी कालच बघितली होती.

मी किल्ली फिरवली. बिजल्यानं एक कान मागे केला. फक्त एक. मग तो पुढे आणला आणि रवंथ करायला लागला. मी थोडी रेस दिली, पुन्हा सोडली, मग गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरलो, दार हळू लावलं. बिजल्यानं शेपटीनं माशी मारली. विठूकाका त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डोळ्यांना लावला आणि म्हणाले, धूर नाय, तरी डोले चुरचुरतात, ही कसली रं तुजी गाडी.

आता मला जे लिहायचं होतं ते. चार वर्षं मी बघतो आहे, रस्त्यावरून फाटक्या सायलेन्सरची गाडी गेली की जेवताना बाबांचा हात ताटात थांबतो. गाडी लांब गेली की घास उचलतात आणि आईला विचारतात, कोन व्हता? मला वाटायचं, त्यांना तो आवाज सहन होत नाही. म्हणूनच मी हा सगळा खटाटोप केला. आज गाडी चालू असताना बाबा वळले. त्यांनी आईला विचारलं, "चालू कवा करतंय त्यो?" आई म्हणाली, मघाशीच केली. बाबा ओटी उतरून रस्त्यापर्यंत आले. रस्ता ओलांडला नाही. कान पुढे करून उभे राहिले, बिजल्यासारखे. मग मला म्हणाले, "एवरी गप? मंग कुंदन आयला का नाय, ता मना कसा कलंल?" आणि परत गेले. दुपारी बघतो तर त्यांनी त्यांची खाट आतल्या खोलीतून बाहेर ओटीवर आणली आहे, डोकं रस्त्याकडे करून. आत्ताही तिथंच पडलेले आहेत, झोपलेले नाहीत. कानानं कळणार नाही, म्हणून आता डोळ्यांनी बघणार. दादूस, आण सुटली आहे. समीक्षा म्हणते, कानपिळीला थोरलाच भाऊ पाहिजे, हरेशनं कान पिळला तर नवऱ्याला गुदगुल्या होतील. ते खरंच आहे. गाडी मी जांभळाखालीच ठेवली आहे. इथून आपल्या दारापर्यंतचा रस्ता मी चालवणार नाही. तो तू चालव. हळदीच्या आधी ये, आणि दिवसाउजेडी ये, म्हणजे त्यांना दिसेल.

तुझाच,
हरेश

ता.क. तू आल्या आल्या किती घातलेस म्हणून विचारशील, म्हणून लिहितो. पार्ट, बॅटरी, विमा, कागद, दीनानाथची मजुरी सगळं मिळून सव्वीस हजार चारशे. त्यातले बावीस दिले, बाकी दीनानाथचे आहेत. तो म्हणतो, कुंदनला स्वतः येऊन फेडू दे. विठूकाकांनी जागेचं आणि बैलाचं काही घेतलं नाही. मागची काच अजून बसवायची आहे, कोंबडी पुन्हा येऊन बसते. टाकीत पेट्रोल आपल्या दारापर्यंत पोचेल एवढंच ठेवलं आहे. पुढचं तू भर.